गिट्टीवरची चार अंडी

शेषरावांनी डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं, उलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं. आत त्यांचा घडी घातलेला टॉवेल होता आणि टॉवेलावर चार अंडी.

"मॅडम, हे पाहा. टाकून देल्यासारखी पडली व्हती गिट्टीवर. घरटं न्हाई, काडी न्हाई, काहीच न्हाई. ट्रॅक्टर मागं येऊन राह्यला व्हता. चाकाखाली गेली असती. म्हणून उचलली."

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. मे महिना होता आणि ऊन तेव्हाच टोचायला लागलं होतं. अकरा वाजेपर्यंत सबस्टेशन बंद ठेवायची परवानगी होती. पंधरा गावांचे पंखे, नळयोजनेचे पंप आणि पिठाच्या गिरण्या आमच्या नावानं बोटं मोडत होत्या. आणि माझ्यापुढे हेल्मेटमध्ये चार अंडी.

मी वीज कंपनीत शाखा अभियंता आहे. त्या वेळी जाफराबाद तालुक्यातलं एक सबस्टेशन माझ्याकडे होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत. सबस्टेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. लांबून मोठ्या दाबाची वीज येते. तिचा दाब इथे कमी होतो आणि मग ती गावोगावच्या डीपीकडे, म्हणजे छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. हे सगळं ज्या कुंपणाच्या आत, उघड्यावर चालतं त्याला आम्ही यार्ड म्हणतो. यार्डात लोखंडी सांगाडे असतात, त्यांवर यंत्रं असतात आणि खाली सगळीकडे गिट्टी पसरलेली असते. लोकांना वाटतं चिखल होऊ नये म्हणून गिट्टी टाकतात. तेही खरंच, पण मुख्य कारण वेगळं आहे. काही बिघाड झाला की जमिनीतून वीज वाहते. अशा वेळी पायाखाली कोरडा दगड असला, तर माणसाला बसणारा धक्का कमी होतो. त्यामुळे गिट्टीचा थर कमी झाला की तो भरावा लागतो. त्या दिवशी एक ट्रॉली गिट्टी आली होती ती त्यासाठीच.

शेषराव आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ. लोक लाइनमन म्हणतात. सव्वीस वर्षं खांबावर गेलेला माणूस. तारेचा नुसता आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारा. अशा माणसानं गर्दीतून, ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन चार अंडी वाचवली, याचं मला खरं तर कौतुक वाटलं. मी म्हटलं, "चांगलं केलं." आणि लगेच विचार सुरू केला, आता यांचं करायचं काय.

कंट्रोल रूममधून गाडेकर बाहेर आले. गाडेकर म्हणजे तिथले यंत्रचालक. दर तासाला मीटर बघून आकडे लिहायचे आणि सांगितलं की वीज चालू-बंद करायची, हे त्यांचं काम. त्यांनी हेल्मेटात डोकावून पाहिलं.

"मॅडम, माझ्या घरी एक कोंबडी खुडूक बसलीय. तिच्याखाली चार सरकवून देतो. तिला काय हिशेब राहतो?"

माझ्या मनात खोकं, कापूस आणि साठ वॉटचा बल्ब आला होता. दोन्हींत कोंबडी बरी, असं म्हणणार तेवढ्यात मला वनरक्षक देशमाने आठवल्या. मागच्या पावसाळ्यात आमच्या केबलच्या नालीत धामण शिरली होती. तेव्हा त्या मोटरसायकलवर आल्या, धामण पोत्यात घातली आणि चहा न घेता गेल्या. नंबर होताच. फोन लावला.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"रंग?"

"मातकट. वर काळपट डाग. एका टोकाला निमुळती."

"टिटवी. तिचं घरटं नसतंच. ती दगडधोंड्यांतच अंडी घालते. कुणाला दिसू नयेत म्हणून. आजूबाजूला पक्षी आहे का?"

मी मान वर केली. कुंपणाच्या खांबावर एक टिटवी उभी होती आणि ओरडत होती. साडेसातपासून ओरडत होती, हे मला तेव्हा जाणवलं. पान्यांची खणखण, ट्रॅक्टरचा आवाज, माणसांची हाकाहाक, त्यात तिचाही आवाज आम्ही गृहीत धरून टाकला होता.

"आहे. सकाळपासून ओरडतेय."

"मग ती टाकलेली नाहीत, मॅडम. तुम्ही किती जण आहात तिथे?"

"बारा."

"बारा माणसं तिच्या घरात उभी आहेत. ती येणार कशी?"

मी फोन स्पीकरवर टाकला. शेषराव जवळ सरकले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पण आमच्या माणसाचा हात लागलाय," मी म्हटलं. "आता आई घेईल का?"

"घेईल. माणसाचा हात लागला की पक्षी अंडी सोडतात, असं सगळे म्हणतात. तसं नसतं. पण जागा बदलली तर तिला सापडत नाहीत. जिथे होती तिथेच ठेवा. हातभरही इकडेतिकडे नको. आणि लवकर. उन्हात अंडी शिजतात."

गाडेकरांनी कोंबडीची गोष्ट काढली. देशमाने हसल्या नाहीत.

"कोंबडी उबवेलही, दादा. पण पिल्लं निघाल्यावर ती त्यांना दाणे टिपायला शिकवेल. टिटवीची पिल्लं किडे खातात. आईनं एक आवाज दिला की दगडासारखी बसून राहतात, तेव्हा वाचतात. तो आवाज कोंबडीला येत नाही. दुसरं म्हणजे रानपक्ष्याचं अंडं घरी नेणं कायद्यात बसत नाही. तुमचा हेतू चांगला आहे. पण घरी नेलंत तर मला गुन्ह्याचा कागद करावा लागेल."

"मंग न्हाई नेत," गाडेकर म्हणाले.

"आणि खरंच सोडून दिलेली असली तर?" मी विचारलं.

"तर सगळे लांब गेल्यावरही दिवसभर कुणी फिरकणार नाही. तसं झालं तर मला फोन करा. पुढचं आम्ही बघू. पण दहातल्या नऊ वेळा आई तिथेच असते आणि आपण जायची वाट बघत असते."

फोन ठेवला. शेषराव हेल्मेट छातीशी धरून यार्डात शिरले. मी मागे. इन्कमर बेमध्ये ते थांबले. बे म्हणजे यंत्रांची एक रांग. वीज जिथून आत येते ती पहिली रांग म्हणजे इन्कमर बे. तिथे त्यांनी बोट दाखवलं.

"इथंच व्हती."

मी वाकून पाहिलं. गिट्टी.

"न्हाई मॅडम, जरा तिकडं. मी इकडून येत व्हतो ना." ते चार पावलं पुढे गेले, मग दोन मागे आले. "न्हाई. इथं." मग तिथूनही हलले.

पन्नास फूट लांब, तीस फूट रुंद गिट्टी. प्रत्येक दगड दुसऱ्यासारखा. त्यात आठ-दहा माणसं तासभर फिरलेली. शेषरावांनी अंडी उचलली तेव्हा त्यांचं लक्ष ट्रॅक्टरच्या चाकाकडे होतं. जागेकडे बघायचं कुणाला सुचणार?

"माझ्या हातानं घोळ झाला, मॅडम," ते हळूच म्हणाले. "चाकाखाली गेली असती तरी परवडलं असतं. आता जिवंत हायेत अन् जागा न्हाई."

हा माणूस कधी अशा आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना म्हटलं, थांबा, सापडेल. म्हटलं खरं, पण कशी सापडेल ते मलाही ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना मी यार्डाबाहेर काढलं. ट्रॅक्टर गेटपाशी उभा केला. चौघं वाकून शोधू, असं एकजण म्हणाला, पण चार माणसं फिरली की उरलेली खूणही पुसली जाणार.

मग मला फोटो आठवला.

आमच्याकडे नियम आहे. सबस्टेशन बंद केलं की लेखी परवानगी घ्यायची. तिला परमिट म्हणतात. मग चुकूनही वीज आली तर ती जमिनीत जावी म्हणून तारांना रॉड लावायचे. त्यानंतर सगळी टोळी रॉडसकट उभी करून फोटो काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. हा फोटो म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप. पण त्या दिवशी सकाळी सात पंचवीसला तो मीच काढला होता आणि तो इन्कमर बेमध्येच काढला होता.

मोबाइल सावलीत धरला आणि फोटो मोठा केला. पुढे आमची माणसं, हेल्मेट, हातमोजे. मागे आयसोलेटरचा सांगाडा. आयसोलेटर म्हणजे हातानं ओढून बंद करायचा भलामोठा खटका, बंद केला की मधली फट डोळ्यांनी दिसते. त्या सांगाड्याच्या उजव्या पायाशी काहीतरी तपकिरी होतं. अजून मोठं केलं. काळी छाती, पिवळे पाय. ती अर्धी उठून उभी होती. ती आमच्याकडे बघत होती आणि आम्ही कॅमेऱ्याकडे.

शेषरावांना मोबाइल दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"बराबर," ते म्हणाले. "हीच ती."

आम्ही दोघंच गेलो. सांगाड्याच्या उजव्या पायापासून दोन हात डावीकडे मी गुडघ्यांवर बसले आणि गाल जवळजवळ दगडाला लावून पाहिलं. उभ्यानं कधीच दिसलं नसतं. बशीएवढा खोलगट भाग होता. त्यात मोठी गिट्टी नव्हती, बारीक खडे होते, गोलाकार लावल्यासारखे. मध्ये पाच-सहा वाळलेल्या शेळीच्या लेंड्या. यार्डात शेळी येत नाही. म्हणजे कुंपणाबाहेरून एकेक आणून टाकलेल्या. ज्याला आम्ही काहीच नाही म्हणत होतो ते तिचं घर होतं.

शेषरावांनी एकेक अंडं ठेवलं. पान्यानं नट आवळणारे जाड हात, पण अंडं खाली ठेवताना खड्याचा आवाजही झाला नाही. देशमाने यांनी सांगितलं होतं, निमुळती टोकं आत करा, ती तशीच ठेवते. तशी ठेवली. चारही एकमेकांत नीट बसली, जणू त्यासाठीच तशी घडवलेली.

उठून मागे सरकलो. तिसऱ्या पावलाला अंडी दिसेनाशी झाली. खूण म्हणून दगड रचू नका, कावळे त्यावरून शोधतात, असंही देशमाने म्हणाल्या होत्या. म्हणून मी सांगाड्याच्या पायावर खडूनं बारीक फुली केली आणि आम्ही बाहेर आलो.

आता काम थांबवून वाट बघायची होती. आठ बावन्न झाले होते. शटडाऊनमधला अर्धा तास मी अंड्यांसाठी देणार होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मॅडम, टाइम चाललाय." मी म्हटलं, "चहा घ्या." बारा माणसं कंट्रोल रूमच्या खिडकीशी गोळा झाली. आवाज करायचा नाही, असं बजावलं. चहा आला. शेषरावांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

नऊ वाजता टिटवी खांबावरून खाली उतरली. ओरडणं थांबलं. ती गिट्टीवरून पळत आली, थांबली, मान फिरवली, परत पळाली. अशी थांबत थांबत ती आयसोलेटरच्या दिशेनं गेली. सात-आठ फुटांवर उभी राहिली.

मग ती उडाली.

"गेली," मागून कुणीतरी म्हणालं.

ती यार्ड ओलांडून पाण्याच्या टाकीकडे गेली. आमची टाकी गळते. तिच्याखाली कायम थोडं पाणी साचलेलं असतं. टिटवी त्या पाण्यात उतरली आणि चक्क बसली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, ऊन चढत होतं, आणि ती पाण्यात बसून पोट हलवत होती.

"ती रोजच जाती तिकडं," गाडेकर म्हणाले. "दुपारच्याला तर धा-धा वेळा. मला वाटलं पाणी प्यायला येती."

"अंडी सोडून आंघोळ," ठेकेदाराचा माणूस म्हणाला. कुणी हसलं नाही.

मग ती उठली. तिच्या पोटाची पांढरी पिसं भिजून काळपट झाली होती आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. ती सरळ उडत आली. या वेळी थांबली नाही, मान फिरवली नाही. खडूच्या फुलीपासून दोन हातांवर उतरली, चोच खाली नेली, चारही अंडी एकदा पाहिली, पिसं फुलवली आणि ओल्या पोटानं हलकेच त्यांच्यावर बसली.

ती पाणी प्यायला गेलीच नव्हती. ती अंड्यांसाठी पाणी आणायला गेली होती. तापलेली अंडी गार करायला.

ओरडायचं नाही, असं सांगितलेलं असल्यामुळे कुणी ओरडलं नाही. बारा माणसं खिडकीत उभी राहून एकमेकांकडे बघत नुसती हसत होती. ठेकेदाराच्या माणसानं कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली. शेषरावांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला. "चला," ते म्हणाले, "कामं पडलीत."

कामं खरंच पडली होती. लांबच्या बाजूचं आम्ही पटापट उरकलं. पण आयसोलेटरच्या पात्या सरळ करायच्या राहिल्या होत्या आणि तो आयसोलेटर नेमका तिच्या डोक्यावर. देशमाने यांना परत विचारलं. त्या म्हणाल्या, एकदा बसलीय म्हणजे आता ती परत येईल, पण एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका, आणि माणसं कमी न्या. म्हणून दोनच माणसं, पंधरा मिनिटं काम, मग वीस मिनिटं बाहेर, मग परत पंधरा मिनिटं, असं ठरलं.

शेषराव शिडी चढले तशी टिटवी उठली आणि तिनं सरळ त्यांच्यावर झेप घेतली. हेल्मेटवर टक्क आवाज आला. मग तिचा नरही कुठून तरी आला. दोघं आळीपाळीनं येत होते. पंधरा मिनिटं शेषरावांनी मार खाल्ला आणि पात्या सरळ केल्या. खालून मी विचारलं, "लागतंय का हो?"

"लागू द्या मॅडम. तिचं बराबर हाये."

अकरा वाजून बारा मिनिटांनी वीज चालू झाली. बारा मिनिटं उशीर. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. मला भीती होती की त्या आवाजानं ती उठेल. ती हललीसुद्धा नाही. तिच्यासाठी तो घुमणारा आवाज म्हणजे शांतता होती. आमचीच कटकट तिला नको होती.

दुपारी डेप्युटी साहेबांचा फोन आला. ते उपविभागाचे प्रमुख. कडक, पण मुद्द्याचं बोलणारे.

"सोळंके मॅडम, बारा मिनिटं उशीर."

"हो साहेब."

"आणि गिट्टी?"

"पडली साहेब. इन्कमर बे सोडून."

"का सोडली ते मी रजिस्टरच्या फोटोत वाचलं. 'टिटवीची अंडी असल्यामुळे.' हे असंच लिहिलंय तुम्ही?"

"दुसरं कारण नव्हतं साहेब."

"सोमवारी तपासणी आहे."

"माहिती आहे साहेब."

"त्या बेमध्ये आत्ता थर किती आहे?"

"चार इंच. मी मोजला. कुंपणाकडची बाजू कमी होती, ती आज भरली. इन्कमरला धोका नाही. फक्त दिसायला जुनी गिट्टी दिसेल."

"मग राहू द्या. पण पिल्लं कधी निघणार ते लेखी द्या."

"ते टिटवी कसं देणार साहेब?"

"तुम्ही द्या."

मी लिहून दिलं, अंदाजे तीन आठवडे. नोकरीत मी पुष्कळ अंदाज लेखी दिले आहेत, त्यातला हा सगळ्यात कमी माहितीवर दिलेला.

दुसऱ्या दिवशी देशमाने आल्या. कुंपणाबाहेर उभ्या राहून दुर्बिणीतून पाच मिनिटं पाहिलं, ठीक आहे म्हणाल्या. रोज जवळ जाऊन बघू नका, तुमच्या पायवाटेवरून मुंगूस जातं, हे सांगितलं आणि याही वेळी चहा न घेता गेल्या. सोमवारी तपासणी अधिकारी आले. त्यांनी इन्कमर बेची जुनी गिट्टी बरोबर हेरली. मी कारण सांगितलं. "कुठेत अंडी?" त्यांनी विचारलं. वीस फुटांवरून दाखवली. त्यांना दिसेनात. टिटवीच दिसेना. गाडेकरांनी त्यांच्या खांद्यामागे उभं राहून बोटानं पाच मिनिटं वाट सांगितली, तेव्हा कुठे त्यांना एक डोळा दिसला. मग ते म्हणाले, "अच्छा," आणि पुढच्या बेकडे गेले. त्यांच्या अहवालात गिट्टीबद्दल एक शब्द नव्हता.

पुढचे दिवस सबस्टेशनला एक वेगळीच कळा आली. गाडेकर दर तासाला दाब आणि भार लिहीत, तिथेच शेवटच्या 'शेरा' रकान्यात बारीक अक्षरात 'बसलेली', 'पाण्याला गेली', 'नर बसला' असं लिहायला लागले. बाकीच्या दोन पाळ्यांच्या यंत्रचालकांनीही ते उचललं. गावातले म्हातारे शेतकरी सकाळी कुंपणाशी येऊन विचारत, किती अंडी? चार म्हटलं की खूश होऊन जात. चार अंडी म्हणजे पावसाचे चारही महिने चांगले, असा तिकडे समज आहे. एकानं अंडी उंचावर आहेत की खोलात, तेही विचारलं. मी म्हटलं, जमिनीबरोबर. तो विचारात पडून गेला.

शेषराव मात्र काही विचारत नसत. एकदा दुपारी लाइन बंद पडली आणि त्यांना इन्कमरकडे जायचं होतं. नेहमीची वाट टिटवीजवळून जाते. ते सगळं यार्ड उलट्या बाजूनं वळसा घालून गेले. ते नेहमी पहिल्यांदा घड्याळ बघतात. त्या दिवशी बघितलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी पावणेसातला गाडेकरांचा फोन आला. इतक्या सकाळी त्यांचा फोन म्हणजे काहीतरी जळालं, असं समजूनच मी उचलला.

"मॅडम, इन्कमरवर चार नवीन कनेक्शन आलेत."

"काय?"

"चार. बिलकुल चालू कंडिशनमध्ये."

मी जाफराबादहून स्कूटीवर निघाले. पोचले तर शेषराव गेटवर उभे. त्यांची सुट्टी होती. पांढरा शर्ट घातलेला आणि सोबत त्यांच्या पत्नी, रुक्मिणीबाई. त्या म्हणाल्या, "पहाटेपासून चला चला लावलंय. आमची तीन लेकरं झाली, तेव्हा पण हे एवढ्या घाईनं दवाखान्यात आल्ते न्हाई." शेषराव दुसरीकडे बघत राहिले.

कुंपणाबाहेरूनच बघायचं, असं ठरलेलं. मला काहीच दिसेना. गिट्टी आणि गिट्टी. मग एक दगड चालायला लागला. कापसाच्या बोंडाएवढं पिल्लू, अंगावर दगडाचेच डाग आणि आगपेटीच्या काडीसारखे पाय. त्याच्यामागे दुसरं. मग तिसरं. चौथं अजून ओलसर, आईच्या पोटाखालून फक्त डोकं बाहेर. जन्मून काही तास झालेली पिल्लं धावत होती, पडत होती, गिट्टीच्या फटीत चोच घालून बघत होती. एवढ्यात वर घार फिरली. आईनं एकच आवाज काढला आणि चारही पिल्लं गायब. जागेवरच गायब. दोन मिनिटांनी दुसरा आवाज आला आणि चार दगड परत उठून चालायला लागले.

"पाहिलं का?" शेषराव बायकोला म्हणाले. "हे कोंबडीला शिकवता येत न्हाई." अगदी स्वतःला पहिल्यापासून माहीत असल्यासारखं.

दुपारी टिटवी त्यांना घेऊन निघाली. गेटच्या खालच्या फटीतून एकेक पिल्लू बाहेर पडलं आणि शेजारच्या नांगरलेल्या वावरात शिरलं. नर पुढे, आई मागे. गाडेकरांनी रजिस्टरच्या रकान्यात लिहिलं, 'चार जण बाहेर गेले.' दुसऱ्या दिवशी उरलेली गिट्टी टाकली आणि डेप्युटी साहेबांना काम पूर्ण झाल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीत आलं: 'किती निघाली?'

लोक मला विचारतात, रानात असं अंडं सापडलं तर काय करायचं. उत्तर अगदी साधं आहे आणि म्हणूनच अवघड आहे. काही करायचं नाही. हात लावायचा नाही, मागे सरकायचं, चांगलं लांब जायचं आणि थांबायचं. उचललंच असलं तर लगेच त्याच जागी ठेवायचं. दिवसभरात कुणीच आलं नाही तर वन विभागाला फोन करायचा. घरी न्यायचं नाही, बल्ब लावायचा नाही. आपल्याला आई दिसत नाही, कारण आपण तिथे असतो, एवढंच बहुतेक वेळा कारण असतं. मदत करायला धावणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

आमच्या कामात आणखी एक बदल झाला. आमच्या धंद्यात सगळ्यांची नजर कायम वर असते. तार वर, खटका वर, धोका वर. आता आमच्याकडे परमिट घेतल्यावर काम सुरू करण्याआधी एकजण पाच मिनिटं मान खाली घालून सगळं यार्ड फिरतो. आता त्याला वर्ष होऊन गेलं. या फेरीत अंडी अजून एकदाही सापडली नाहीत. जमिनीतून सुटून आलेली अर्थिंगची एक पट्टी सापडली, ती वेळेवर सापडली हे बरं झालं. सापाची दोन बिळं सापडली. आणि यंदाच्या तपासणीआधी पाहणीला आले असताना डेप्युटी साहेबांनी यार्डात हरवलेला चष्मा.